मूलद्रव्यांच्या नावांची वही

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला लगेच आत घेतलं नाही. जाळीच्या दाराआडून विचारलं, "काम काय करता?"

"केमिस्ट आहे."

"औषधाच्या दुकानात?"

"नाही, चाकणला कंपनीत. प्लेटिंगच्या लॅबमध्ये."

कडी निघाली. "कशाचं प्लेटिंग?"

"नटबोल्टवर जस्त आणि निकेलचा मुलामा."

"निकेल म्हणजे काय?"

एमएस्सीच्या तोंडी परीक्षेनंतर मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "अणुक्रमांक अठ्ठावीस. रुपेरी, कडक, सहसा गंज न धरणारा धातू."

"हे वर्णन झालं. मी नावाचा अर्थ विचारतेय."

तो मला माहीत नव्हता. बाईंनी खुर्ची पुढे केली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि सांगायला लागल्या. जर्मनीतल्या खाणकामगारांना तांब्यासारखा लालसर दगड सापडायचा. भट्टीत घातला की तांबं काही निघायचं नाही, उलट त्याच्या धुरानं माणसं आजारी पडायची. वैतागून त्यांनी त्या दगडाला शिवी घातली, तांब्यातलं भूत म्हणाले. पुढं त्यातून वेगळाच धातू निघाला, पण शिवी नावाला चिकटून राहिली. "म्हणजे तुम्ही रोज नटबोल्टवर भुताचा हात फिरवता," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. मग भाडं, पाण्याची वेळ आणि गच्चीवर कपडे कुठं वाळत घालायचे ते सांगितलं. खोली मला मिळाली होती.

थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत मी त्या घरात चार वर्षं राहिले. खाली बाई, वर मी. बाईंना सगळी गल्ली बाईच म्हणायची. सत्तरी ओलांडलेली होती, लग्न केलेलं नव्हतं, भाऊ वारलेला आणि एक भाचा नागपूरला. मी हिंगोलीकडची. घरच्यांनी सांगितलेली दोन स्थळं नाकारून नोकरीला आलेली, त्यामुळे आईच्या फोनमध्ये काळजी आणि राग यांचं प्रमाण रोज बदलायचं. "काय करायलीस?" ती विचारायची. मी म्हणायचे, "काही नाही." खरंच काही करत नसायचे.

कंपनीची बस पहाटे चौकातून निघायची. भोसरी, मोशी, नाशिक रोडची कोंडी. बसमध्ये सगळे झोपलेले किंवा कानात काहीतरी घातलेले. प्लेटिंग शॉपच्या टोकाला काचेची एक खोली होती, ती माझी लॅब. टाक्यांमधल्या द्रावणाचे नमुने कामगार खिडकीतून आत सरकवायचे. मी ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब रसायन सोडायची, लालसर रंगाचा निळा झाला की आकडा लिहायची आणि चिठ्ठी त्याच खिडकीतून बाहेर द्यायची. शिफ्टला एकच केमिस्ट, आणि कंपनीत बाई केमिस्ट मी पहिलीच. कुणी वाईट वागायचं नाही. "मॅडम, सँपल." "मॅडम, रिपोर्ट." एवढंच. कित्येक दिवस या चार शब्दांपलीकडे माझ्याशी कुणी बोललेलं नसायचं. डबा मी लॅबमध्येच खायची, कारण कँटीनमध्ये मी बसले की त्या टेबलावरचं बोलणं थांबायचं.

बाईंचंही असंच झालं होतं, फक्त चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी. भोसरीतल्या एका रंगांच्या कारखान्यात त्या पहिल्या बाई केमिस्ट. पहिली दोन वर्षं त्यांना काचेची भांडी धुवायला लावली. तिसऱ्या वर्षी पृथक्करण करायला दिलं, पण रिपोर्टवर सही साहेबाची. "मी निरीक्षणं काढायची, तो खाली स्वतःचं नाव लिहायचा," त्या सांगायच्या. आवाजात तक्रार नसायची, हवामान सांगावं तसं सांगायच्या. एकाच गोष्टीवर त्या अडून बसल्या होत्या. लाकडी खेळण्यांसाठी जाणाऱ्या पिवळ्या रंगात शिसं असायचं. ते काढा म्हणून त्यांनी टिपण लिहिलं. फाइलला लागलं. पुन्हा लिहिलं. दर सहा महिन्यांनी नवं टिपण, वर्षानुवर्षं. शेवटी रंग बदलला, तेव्हा बढती मिळाली ती दुसऱ्याच माणसाला. "मिळू दे," बाई म्हणायच्या. "पोरं खेळणी तोंडात घालतात गं."

निवृत्तीनंतर त्यांनी एक वही सुरू केली होती. जाड पुठ्ठ्याची, हिशेबनीस वापरतात तसली लांबट. तिच्यात एकेका पानावर एकेक मूलद्रव्य आणि त्याच्या नावाची गोष्ट. शाळेतल्या मुलांसाठी पुस्तक करायचं असं त्यांच्या मनात होतं. दोन ठिकाणी दाखवून झालं, कुणी उत्साह दाखवला नाही, तरी लिहिणं चालू होतं. रविवारी संध्याकाळी मी खाली गेले की त्या मला पान वाचून दाखवायच्या. ब्रोमिन म्हणजे दुर्गंध. आर्गॉन म्हणजे आळशी, कारण तो कुणाशी संयोगच पावत नाही. हेलियम आधी सूर्याच्या प्रकाशात दिसला, म्हणून सूर्याचं नाव. ऑक्सिजन म्हणजे आम्ल करणारा, आणि हे साफ चुकीचं, कारण ऑक्सिजन नसलेली आम्लंही असतात. नाव ठेवणारा फ्रेंच शास्त्रज्ञ मोठा माणूस, रसायनांना शिस्तीत नावं देण्याची रीतच त्यानं आणि त्याच्या मित्रांनी घालून दिली, पण इथं फसला.

"आणि मग आपण प्राणवायू म्हणायला लागलो," बाई म्हणाल्या. "ते त्याच्यापेक्षा बरं आहे की नाही?"

मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेलं असतं. मला अकरावीपर्यंत कळलंच नव्हतं की स्फुरद म्हणजे फॉस्फरस. बाईंनी तिथल्या तिथं पेन काढलं. "स्फुरद! स्फुरतो तो. मूळ नावाचा अर्थही प्रकाश आणणारा असाच आहे. हे मी कसं विसरले?" फॉस्फरसच्या पानावर त्यांनी ते लिहिलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. इथं आल्यापासून माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

त्यांचं सगळ्यांत लाडकं पान आवर्तसारणी मांडणाऱ्या त्या रशियन शास्त्रज्ञाचं होतं. तोवर माहीत असलेली मूलद्रव्यं त्यानं ओळीनं मांडली आणि जिथं बसेना तिथं सरळ रिकामी जागा ठेवली. इथं कुणीतरी आहे, अजून सापडलेलं नाही, असं म्हणाला. त्याचं वजन किती असेल, गुण काय असतील, तेही सांगितलं. आणि त्या न सापडलेल्यांना हाक मारायची म्हणून वरच्या घरातल्या मूलद्रव्याच्या नावाआधी संस्कृतातला 'एक' लावला. एक-अ‍ॅल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन.

"रशियातला माणूस, आणि आपला एक!" बाईंचा चेहरा उजळायचा. "पण पुढं ती सापडली ना, तेव्हा ज्यानं त्यानं आपल्या देशाचं नाव दिलं. गॅलियम, स्कँडियम, जर्मेनियम. आपला एक गेला."

असे आमचे रविवार. बाकीचे सहा दिवस आम्ही फारसं बोलायचो नाही. मी दमून यायची, खालच्या खिडकीत त्यांचा दिवा दिसायचा, मी जिना चढून वर जायची. आता वाटतं, रोज पाच मिनिटं खाली थांबायला काय हरकत होती.

चौथ्या वर्षी हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला दूध करपल्याचा वास वर आला. मी हाक मारली. उत्तर नाही. खाली गेले तर ओट्यावर दूध उतू जाऊन काळं झालेलं, आणि बाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेल्या. मी गॅस बंद केला. "बाई, काय झालं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उजवीकडून खाली ओघळलं होतं. ओठ हलत होते, आवाज येत होता, पण शब्द होत नव्हता. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडलेला.

समोर एक गॅरेज होतं. गल्ली त्या मेकॅनिकला चाचा म्हणायची. मी चपला न घालता पळत गेले. चाचांनी माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. दुरुस्तीला आलेली कुणाचीतरी गाडी त्यांनी बाहेर काढली. "मॅडम, मागं बसा, बाईंचं डोकं मांडीवर घ्या. घाबरू नका." त्यांनी स्वतः बाईंना खुर्चीसकट उचलून आणलं.

हॉस्पिटलमध्ये बाईंना आत नेलं आणि नर्सनं कागद पुढे केला. नाव, वय मी सांगितलं. भाडेकरारात लिहिलेलं आठवत होतं म्हणून.

"नातं?"

"मी भाडेकरू आहे."

तिनं मान वर केली. "सही नातेवाइकाची लागेल ना. काय लिहू?"

"भाची लिहा," मी म्हणाले.

तिनं लिहिलं. मी सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरहून खरा भाचा आला, पन्नाशीचा, बँकेत काम करणारा, प्रवासानं शिणलेला. नर्स त्याला म्हणाली, "तुमची बहीण बाहेर बसलीय." तो बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिला. मी सगळं सांगितलं. तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "बरं केलंत. मी इथं असतो तरी मला तेवढ्या वेळात आणता आलं नसतं." चार दिवस राहून, दिवसभरासाठी एक मावशी ठरवून, तो परत गेला. त्याच्याही घरी आजारी आई होती.

बाई घरी आल्या. काठी धरून चालता येऊ लागलं. पण शब्द गेले होते. समजायचं सगळं, डोळ्यांवरून कळायचं. बोलायला गेल्या की भलताच आवाज यायचा, तो त्यांना स्वतःलाच ऐकू यायचा आणि त्या तोंड मिटून घ्यायच्या. मावशी थेरगावच्याच जुन्या घरातल्या होत्या. त्या पाणी, चहा, औषध एकेक वस्तू समोर धरायच्या. "ह्ये पाहिजेल का? न्हाई? मग ह्ये?" बाई मान हलवायच्या. ज्या बाईनं आयुष्यभर नेमक्या शब्दासाठी माणसांना अडवलं, तिला आता पाण्यासाठी बोट दाखवावं लागत होतं.

आठवड्यातून दोनदा वाचा-उपचार करणारी एक तरुण मुलगी यायची. ती चित्रं दाखवायची. घर. गाय. कप. बाईंना एकही जमायचं नाही. मग ती म्हणाली, "आपण अंक म्हणू. एक..." आणि बाईंच्या तोंडून "दोन, तीन, चार" असं दहापर्यंत घरंगळत आलं. आम्ही थक्क झालो. ती म्हणाली, "ओळीनं पाठ असलेलं बऱ्याचदा शाबूत राहतं. वार, महिने, आरत्या. त्यांना आरत्या येतात का?"

बाई देव मानणाऱ्या नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीतून आल्यावर जिना चढायच्याऐवजी खाली थांबले. बाई पलंगावर बसल्या होत्या. मी समोर बसले आणि म्हणाले, "हायड्रोजन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हायड्रोजन," मी पुन्हा म्हणाले.

"हेलियम," बाई म्हणाल्या. अगदी स्वच्छ. "लिथियम. बेरिलियम. बोरॉन." त्यांचे डोळे मोठे झाले. त्या थांबायला घाबरत होत्या, थांबलं तर पुन्हा सगळं जाईल असं वाटत असावं. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन. स्वयंपाकघरातून मावशी पोळीचं लाटणं हातात घेऊन धावत आल्या. "अगं बया, बोलत्यात व्हय!" कॅल्शियमपाशी धाप लागली, तरी बाई पुढं गेल्या. आयर्न, कोबाल्ट, निकेल, कॉपर, झिंक. तिथं थांबल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांचा डावा हात धरला. त्याआधी मी त्यांना कधी शिवलेही नव्हते, हॉस्पिटलचा तो दिवस सोडला तर.

त्यानंतर मी रोज खाली थांबू लागले. आधी ओळीनं म्हणायचो, मग मी मध्येच थांबवून वहीतलं पान काढायची आणि अर्थ वाचायची. वाचताना काही चुकलं की त्या डाव्या हातानं पलंगावर थाप मारायच्या. उपचार करणाऱ्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही, तिनं ते तिच्या कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाली, "हेच चालू ठेवा. यातूनच दुसऱ्या शब्दाकडे वाट काढू." तशी वाट निघालीही. सिल्व्हर म्हणून झाल्यावर ती चमचा दाखवायची, आणि एक दिवस बाई "चमचा" म्हणाल्या. कार्बनवरून "कोळसा", कोळशावरून कसा कोण जाणे, "चहा".

माणसांची नावं मात्र येत नव्हती. मग बाईंनी त्यांचं त्यांनीच काहीतरी सुरू केलं. चाचा भेटायला आले, त्यांच्या हाताला ग्रीस लागलेलं. बाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "आयर्न." चाचांना मी अर्थ सांगितला. "लोखंड? चालेल की," ते खूश झाले. मावशींना त्या "सोडियम" म्हणाल्या. मावशींना ते नाव फार आवडलं. मी त्यांना सांगितलं नाही की सोडियम पाण्यात टाकला की भडका उडतो. भाच्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा "आर्गॉन" म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. आळशी. मी हसू दाबत खिडकीकडे गेले.

मी वाट बघत होते. मला त्या काय म्हणतील? मी काहीबाही ठरवूनही टाकलं होतं. सोन्याची अपेक्षा नव्हती, पण जस्त तरी, रोज लोखंडाला गंजापासून वाचवणारं. एका संध्याकाळी मी आत शिरले तेव्हा मावशींनी विचारलं, "बाई, ही कोन आली?" बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "झेनॉन."

अर्थ मला पाठ होता. परका.

मी बॅग खाली ठेवली, पाच-दहा मिनिटं बसले, डोकं दुखतंय म्हणाले आणि वर आले. दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्याही. जिना चढताना पाय वाजू नयेत म्हणून चपला हातात घ्यायची. मला स्वतःचीच लाज वाटत होती. आजारी माणसाच्या तोंडून निसटलेल्या शब्दाचा राग काय धरायचा? पण एवढं करून मी परकीच, ही गोष्ट लॅबमध्ये दिवसभर माझ्यासोबत असायची. खिडकीतून कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, सँपल," आणि मला वाटायचं, यालाही माहीत आहे.

चौथ्या दिवशी मावशींनी खालून हाक मारली. "ती वही तुमच्यापाशी हाय का? बाई मागत्यात." वही माझ्या खोलीतच राहिली होती. खाली द्यायच्या आधी मी ती उघडली. झेनॉनचं पान काढलं. वर नेहमीसारखं निळ्या शाईत: 'परका, पाहुणा. हवेत अत्यल्प. बाकीचे काढून घेतल्यावर उरलेल्यात सापडला.' आणि खाली कोपऱ्यात, पेन्सिलीनं, पुसट: 'मी. भोसरी, पहिलं वर्ष. आणि नंतरची वर्षंही.'

मी जिन्यावर बसले.

आधी वाटलं ते समाधानच होतं. त्यांनी मला परकी म्हटलं नव्हतं, स्वतःसाठी ठेवलेलं नाव मला दिलं होतं. पण ते फार वेळ टिकलं नाही. त्या जागी भीती आली. मी त्या घराकडे पाहिलं, खालच्या खोलीकडे, एकाच माणसाच्या कपाकडे, कुणी न छापलेल्या वहीकडे. ही बाई मला ओळखून होती. मी काय होणार आहे ते तिला दिसत होतं, आवर्तसारणीतलं रिकामं घर आधीच आखून ठेवल्यासारखं.

मी खाली गेले, वही दिली. बाईंनी ती उघडून मांडीवर ठेवली. आमचं रोजचं म्हणणं पुन्हा सुरू झालं. पण माझ्यात काहीतरी आखडलं होतं ते राहिलंच.

उन्हाळ्यात भाचा आला. दोन दिवस आत्याजवळ बसला आणि जाण्याआधी मला बाहेर बोलावलं. गॅरेजसमोर चाचांच्या बाकावर आम्ही बसलो.

"आत्याला इथंच राहायचंय," तो म्हणाला. "मावशी दिवसा आहेत. अजून एक बाई ठेवतो, पैशांची अडचण नाही. पण रोज लक्ष घालणारं, वेळ आली तर निर्णय घेणारं कुणीतरी इथं हवं. मी नागपूरहून ते करू शकत नाही. तुमच्यावर सक्ती नाही. तुम्ही कराल का?"

मी म्हणाले, "विचार करून सांगते."

चार दिवस विचार केला असं मी त्याला सांगितलं. खरं तर पहिल्याच मिनिटाला मला उत्तर माहीत होतं, मी फक्त कारणं गोळा करत होते. शिफ्ट बदलत असतात. बसला वेळ लागतो. आई गावाकडे बोलावतेय. कारणं सगळी खरी होती. खरं कारण मात्र मी कुणालाही सांगितलं नाही: मी हो म्हणाले असते तर त्या घरातून कधीच बाहेर पडले नसते, असं मला वाटत होतं.

"मला नाही जमणार," मी फोनवर म्हणाले.

"समजू शकतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरच राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बाईंना नागपूरला न्यायचं ठरलं. त्यांना त्यानं काय सांगितलं मला ठाऊक नाही. निघायच्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. सामान गाडीत गेलं. बाई दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, केस नीट विंचरलेले. भाचा म्हणाला, "आत्या, निघायचं?" बाई म्हणाल्या, "नाही." हा शब्द त्यांना आता चांगला येत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाल्या, "नाही." मी त्यांच्या पायाशी उकिडवी बसले. काहीतरी बोलायला हवं होतं. मला सगळे शब्द येत होते आणि मी एकही बोलू शकले नाही. शेवटी चाचांनी एका बाजूनं आणि भाच्यानं दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना उठवलं. मावशी पदरानं डोळे पुसत होत्या. गाडी डांगे चौकाकडे वळली.

दोन महिन्यांत मीही ती खोली सोडली आणि चाकणला फ्लॅट घेतला, भाड्यानं, एकटीसाठी. बसचा वेळ वाचतो.

बाईंशी फोन व्हायचे. पहिल्या पहिल्यांदा आम्ही ओळ म्हणायचो. मग भाच्याची सून फोन धरायची आणि सांगायची, आज आजींनी हे म्हटलं, ते म्हटलं. घरात माणसं पुष्कळ होती. दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरला गेले. मनाशी ठरवून गेले होते की माफी मागायची.

दार उघडलं तर आतून हसण्याचा आवाज. बाई जेवणाच्या टेबलाशी बसून डाव्या हातानं मटार सोलत होत्या. अंगानं भरल्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "आलीस? उशीर झाला गाडीला?" सलग, थोडं अडखळत, पण वाक्य. मी त्यांच्याजवळ बसले, हात हातात घेतला आणि सवयीनं म्हणाले, "हायड्रोजन."

त्यांनी हात सोडवून घेतला. रागानं नाही. "पुरे आता ते," म्हणाल्या आणि मटारची वाटी माझ्याकडे सरकवली. "हे सोल. भाजी करायचीय."

मी सोलत बसले. भाच्याच्या सुनेनं मला चहा दिला. बाई तिच्याशी लाडवाच्या पाकाबद्दल बोलत होत्या, शब्द अडला की ती मुलगी सहज पुरवायची. त्यांना आता त्या यादीची गरज उरली नव्हती. चांगलंच झालं होतं. डॉक्टरांनी, त्या उपचार करणाऱ्या मुलीनं, मी, सगळ्यांनी याच्यासाठीच तर धडपड केली होती. वहीबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आहे कुठंतरी. माळ्यावर." माफी मागायचं राहून गेलं. तशी वेळ आली नाही, आणि त्यांना माझ्याकडून काही यायचं बाकी आहे असं दिसतही नव्हतं.

त्यांनी मला पोटभर जेवू घातलं. निघताना दारापर्यंत आल्या, काठी टेकत. "लग्न केलंस का?" विचारलं.

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. त्या बरंचा अर्थ मला लागला नाही. मग म्हणाल्या, "नीट जा. पोचलीस की फोन कर."

पोचल्यावर मी फोन केला. सुनेनं उचलला, म्हणाली, "आजी झोपल्यात, सांगते उठल्यावर." मी बॅग उघडून त्यांनी दिलेला लाडवांचा डबा ओट्यावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या शिफ्टसाठी कपडे काढून ठेवले.